शनिवारचा खेळ नक्की कुणाचा: कॉलेजचा, चॅनेलचा की खेळणाऱ्याचा?

रारिटनकाठचा

डिसेंबर २०२३. ऑरलँडोत कॅन्सस स्टेट आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट या दोन सरकारी विद्यापीठांचा फुटबॉल सामना. (फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू हातात धरून पळायचा.) कॅन्सस स्टेट २८-१९ ने जिंकलं, पण ते आता कुणाला आठवत नाही. आठवतो तो मॅस्कॉट. पॉप-टार्ट म्हणजे टोस्टरमध्ये गरम करून खायची जॅम भरलेली चौकोनी वडी. तिचा वेष घातलेला माणूस सामना संपल्यावर मैदानातल्या अवाढव्य टोस्टरमध्ये नाचत नाचत उतरला, खालून तेवढंच मोठं खरंखुरं पॉप-टार्ट बाहेर आलं आणि जिंकलेल्या पोरांनी ते हातांनी तोडून खाल्लं. सामन्याचं अधिकृत नावच ‘पॉप-टार्ट्स बोल’ (हंगामाअखेरच्या अशा खास सामन्यांना ‘बोल’ म्हणतात).

‘कॉलेजच्या खेळाचा पार तमाशा करून टाकला हो’ ही हळहळ तेव्हापासून इथल्या प्रत्येक पॉटलकमध्ये ऐकतोय. मला ती पटत नाही. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे १८५२ सालची हार्वर्ड-येल नौकाशर्यत, न्यू हॅम्पशायरच्या विनिपसॉकी सरोवरावर. ती भरवण्याची कल्पना एका रेल्वे कंपनीची. त्या बाजूला पर्यटक यावेत म्हणून कंपनीने दोन्ही संघांचा खर्च उचलला. पहिला रोझ बोल १९०२ चा. पासाडेनाच्या फुलांच्या मिरवणुकीला गर्दी व्हावी म्हणून तो ठेवला होता. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, एकतर्फी सामन्यात कुणालाच मजा आली नाही, म्हणून आयोजकांनी फुटबॉल बंद करून काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परत आला तो १९१६ मध्ये. करमणूकच करायची होती, साधन कुठलं याला महत्त्व नव्हतं.

म्हणजे तिकिटं, जाहिरात, पाहुणचार हे सगळं पहिल्यापासून होतं. फुकट खेळण्याचं व्रत तेवढं खेळणाऱ्यांकडून पाळून घेतलं गेलं. ते आता सुटलंय. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा विकून पैसे घेऊ शकतात (सगळे याला ‘एनआयएल’ म्हणतात). जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाऊस समझोत्यानंतर (हाऊस आडनावाच्या खेळाडूच्या दाव्यातून निघालेला) तर विद्यापीठच खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतं. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा ठरली एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर. शिवाय जुन्या खेळाडूंना १० वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर.

हे उत्तमच झालं. माझी तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे.

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनपासून हाकेच्या अंतरावर पिस्कॅटवेला रटगर्सचं स्टेडियम आहे. पहिला कॉलेज फुटबॉल सामना १८६९ मध्ये इथेच न्यू ब्रन्सविकला झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं आणि त्यानंतर फुटबॉलमध्ये सांगण्यासारखं फारसं काही केलं नाही. तरी २०१४ मध्ये त्यांना बिग टेनसारख्या मातब्बर गटात (कॉन्फरन्स, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) घेतलं गेलं. कारण उघड होतं. न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या घराघरांतल्या केबलवर बिग टेनचं स्वतःचं चॅनेल घुसवायचं होतं. एडिसनमधल्या ज्या मराठी घरात कुणी कधी फुटबॉल बघितला नाही, त्याही घराच्या केबल बिलातून थोडे पैसे तिकडे जाऊ लागले.

२०२४ पासून तर लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, ऑरेगन आणि वॉशिंग्टनही याच गटात आली. पॅक-१२ नावाचा पश्चिमेचा जुना गट जवळपास मोडून पडला. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठी बसून ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळतात! फुटबॉलवाले खास विमानाने हंगामात मोजक्या वेळा जातील. पण व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉलच्या मुलींचं काय? त्यांच्या सामन्यांसाठी कुणी कोट्यवधी मोजत नाही, प्रवास मात्र चॅनेलच्या नकाशाने ठरतो. सोमवारची परीक्षा त्यांनाही असते.

ज्यांची मुलं इथे कॉलेजात खेळतात त्यांनी जरूर लिहा.

---

भोचक_भवानी

पॉप-टार्ट म्हणजे तरी प्रसाद झाला. दुसऱ्या एका बोलमध्ये जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बादलीभर मेयोनीज ओततात, कारण प्रायोजक मेयोनीजवाला. तो गृहस्थ वर्षाला लाखो डॉलर घेतो आणि चेहऱ्यावरून मेयो निथळत मुलाखत देतो. मला तर वाटतं पगारातली ती एवढीच रक्कम त्याने खरी कमावलेली असते.

खुर्ची टाकून बसले आहे. चालू द्या.

---

वकीलसाहेब

लेख चांगला, पण मधला एक दुवा राहिलाय आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सर्वोच्च न्यायालय, १९८४, एनसीएए विरुद्ध ओक्लाहोमा विद्यापीठाचं बोर्ड ऑफ रीजन्ट्स. तोपर्यंत टीव्हीवर कुठला संघ किती वेळा दिसणार हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी देशव्यापी संस्था, ठरवायची. घरी बसून सामना दिसला तर स्टेडियममध्ये कोण येणार, ही १९५० च्या दशकातली भीती. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाने दावा लावला. न्यायालयाने ७-२ ने सांगितलं की ही मक्तेदारी आहे. विरोधी मत लिहिलं ते न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी, जे स्वतः कॉलेजचे नावाजलेले फुटबॉलपटू.

त्या दिवसापासून फुटबॉलचं प्रक्षेपण ज्याचं त्याने विकायचं. नोटर डेमने १९९१ पासून एकट्याने एनबीसीशी करार केला. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं. बऱ्याच जणांना वाटतं की फुटबॉलचा पैसा एनसीएएच्या तिजोरीत जातो. मोठ्या फुटबॉलचा जात नाही, तो गटांकडे आणि प्लेऑफकडे जातो. एनसीएए जगते ती मुख्यतः मार्चमधल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेवर. म्हणून तिचा फुटबॉलवर वचक नाही आणि गट फुटले तर कुणी थांबवणारा नाही. रारिटनकाठचा यांनी ज्या वेळापत्रकाबद्दल लिहिलंय, ते १९८४ चं पोर आहे.

बिग टेनचा २०२३ पासूनचा ७ वर्षांचा करार फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी मिळून ७०० कोटी डॉलरच्या वर. एवढे पैसे मोजणारा माणूस सामना किती वाजता सुरू करायचा हे कॉलेजला विचारत बसणार आहे का? आजही बऱ्याच सामन्यांची वेळ बारा दिवस आधी जाहीर होते, कधी कधी सहा दिवस आधी. तिकीट काढताना तुम्हाला तारीख माहीत असते, सामना दुपारी की रात्री ते नाही.

खेळाडूंच्या बाजूने दार ढकललं एड ओबॅननने. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा, १९९५ च्या विजेत्या संघातला बास्केटबॉलपटू. मित्राच्या घरी व्हिडिओगेममध्ये त्याला स्वतःच दिसला, तोच चेहरामोहरा, तोच जर्सी क्रमांक, नाव तेवढं नाही. २००९ मध्ये दावा, आणि २०१३ नंतर कॉलेज फुटबॉलची गेमही बंद पडली. ती परत आली २०२४ मध्ये, खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊन. मधे २०२१ चा ऑल्स्टन निकाल, ९-० असा एकमताने. त्यात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं मत लिहून एनसीएए काही कायद्याच्या वर नाही, असं सुनावलं. त्यानंतर दहाच दिवसांत एनआयएल आलं.

---

लिंकनवासी

थोडा विरोधी सूर लावते. आम्ही नेब्रास्कात राहतो. या राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही, जे काही आहे ते विद्यापीठ. ३० ऑगस्ट २०२३ ला इथल्या फुटबॉल स्टेडियमवर मधोमध व्हॉलीबॉलचं कोर्ट टाकलं. मुलींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ लोक! आम्ही सहकुटुंब होतो. नंतर गाण्यांचा कार्यक्रमही झाला. आता यात करमणूक किती आणि खेळ किती, हे मोजायचं कुणी? माझी मुलगी दुसऱ्या दिवसापासून अंगणात चेंडू उडवायला लागली.

दादा, तुम्ही म्हणता की मुलींच्या खेळांसाठी कुणी पैसे मोजत नाही. मोजत नव्हते, कारण दाखवतच नव्हते. मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेचं ‘मार्च मॅडनेस’ हे नाव मुलींच्या स्पर्धेला वापरायची २०२२ पर्यंत परवानगी नव्हती. २०२१ मध्ये इंडियानापोलिसला पुरुषांच्या स्पर्धेत अख्खं जिम आणि सॅन अँटोनिओला मुलींना डंबेल्सची एक चळत दिली होती. सेडोना प्रिन्स नावाच्या खेळाडूने तो प्रकार टिकटॉकवर टाकला, तेव्हा कुठे हालचाल झाली. तीन वर्षांत काय झालं बघा. २०२४ च्या अंतिम सामन्यात केटलिन क्लार्कचं आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलिना, जवळजवळ १ कोटी ८९ लाख प्रेक्षक. पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख. असं पहिल्यांदाच घडलं.

करमणुकीचा धंदा वाईट म्हणायला माझी हरकत नाही, पण या धंद्याने दार उघडण्याआधी ‘शुद्ध’ खेळवाल्यांनी मुलींना काय दिलं होतं तेही सांगा.

---

रारिटनकाठचा

लिंकनवासी ताई, मुद्दा मान्य. पण नेब्रास्काचं व्हॉलीबॉल आणि क्लार्कचं बास्केटबॉल ही शिखरं झाली. पैसा वाटताना मोजमाप कसं लावतात ते बघा. हाऊस समझोत्यातल्या जुन्या थकबाकीचं सूत्र साधारण असं आहे की ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के मुलींचं बास्केटबॉल आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी झाडून सगळे. कित्येक विद्यापीठं चालू वाटपालाही तेच सूत्र जवळजवळ तसंच लावत आहेत.

---

भोचक_भवानी

‘बाकी झाडून सगळे’ म्हणजे लग्नातली शेवटची पंगत. भात आहे, पण वाढपी दमलेत.

---

रीळबहाद्दर

मला यातली गंमत वेगळीच वाटते. डोनाल्ड डी ला हे आठवतोय का? सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा किकर. यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा, जाहिरातींचे चार पैसे मिळायचे. २०१७ मध्ये त्याला सांगितलं की व्हिडिओत खेळाडू म्हणून दिसलास तर पैसे घेता येणार नाहीत. तो बधला नाही. संघातून गेला, शिष्यवृत्तीही गेली.

आता उलटं झालंय. भरती करताना कोच पोरांना दाखवतात की आमच्याकडे व्हिडिओ स्टुडिओ आहे, फॉलोअर्स वाढवून देऊ. जिम्नॅस्टिक्सची केटलिन ओहाशी २०१९ मध्ये फ्लोअरवर नाचली, क्लिप कोट्यवधी लोकांनी बघितली आणि तिला नियमाप्रमाणे एक पैसा घेता आला नाही. पुढे लुइझियाना स्टेट विद्यापीठाची (एलएसयू) लिव्ही डन आली, तिच्यामागे हॉलिवूडवाली एजन्सी! कॅलिफोर्नियाचा खेळाडूंना हक्क देणारा कायदा तर गव्हर्नरांनी २०१९ मध्ये लेब्रॉन जेम्सच्या टॉक शोमध्ये बसून सही केला. विधिमंडळ सोडून टॉक शो. यापुढे वेगळं सांगायला नको.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नेब्रास्काचंच. डीकोल्डेस्ट क्रॉफर्ड या नावाचा खेळाडू २०२२ मध्ये स्थानिक एसीवाल्याच्या जाहिरातीत झळकला. अहो, खरंच त्याचं नाव ‘डीकोल्डेस्ट’ आहे. जाहिरात लिहिणाऱ्याला असं नाव आयुष्यात एकदाच मिळतं.

---

खडूस_काका

सगळे खूश दिसताहेत, म्हणून मी बोलतो. पैसे आले तशी निष्ठा गेली. टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालेआव्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये पैशांच्या बोलणीवरून फिसकटलं अशा बातम्या आल्या आणि थेट यूसीएलएला निघून गेला. आज या कॉलेजात, उद्या त्या. वर्गात कधी बसतात ही मुलं? रटगर्सकडे डिलन हार्पर आणि एस बेली हे दोघे होते, एक हंगाम खेळले, एनबीएच्या निवडीत दुसरे आणि पाचवे गेले. संघाने सामने जिंकले त्यापेक्षा जास्त हरले. याला विद्यापीठ म्हणायचं की बसस्टॉप?

---

वकीलसाहेब

काका, निष्ठेचा हिशेब कोचपासून सुरू करूया. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढलं तेव्हा घरी बसण्याचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचं कबूल केलेलं होतं. कोच हंगाम संपायच्या आत दुसरीकडे जातात तेव्हा त्याला ‘करिअर’ म्हणतात. एकोणीस वर्षांच्या पोराने तेच केलं की संस्कार आठवतात.

वर्गाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नाही.

---

मांडवाखालून

अवांतर, पण राहवत नाही. आपल्याकडे कॉलेजातून करमणुकीच्या धंद्यात जाण्याची वाट खेळाची नाहीच, ती एकांकिकांची. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर जी आरडाओरड असते ती इथल्या टेलगेटिंगइतकीच (सामन्याआधी पार्किंगमध्ये रंगणारी मेजवानी) जोरदार. पण त्या मुलांच्या तालमीची वेळ कुठलं चॅनेल ठरवत नाही, आणि प्रयोगाचे हक्क कुणी विकत घेत नाही. पुढे मालिकांत गेले की मग काय ते पिळवटून निघणं सुरू होतं. अमेरिकेत ते कॉलेजातच सुरू झालं, एवढाच फरक दिसतो.

---

पर्ड्यूवाला

एक बाजू कुणीच मांडली नाही, ती आमची. म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांची.

मी इथे पीएचडी करतो. आमच्या विद्यापीठाचा झॅक ईडी, सव्वादोन मीटरच्या आसपास उंची, २०२३ आणि २०२४ असा सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू, संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तो कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर. त्याच्याच संघातला बाकावर बसणारा अमेरिकन मुलगा गावातल्या पिझ्झावाल्याची जाहिरात करू शकत होता, ईडीला मात्र यातले बहुतेक रस्ते बंद. अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम केलं तर तो रोजगार ठरतो आणि व्हिसा धोक्यात येतो. केंटकीचा ऑस्कर शिब्वे, मूळचा काँगोचा, संघ २०२२ मध्ये बहामाजला गेला तेव्हा तिथे जाऊन जाहिरातींची कामं उरकून आला. देशाबाहेर केलेलं काम, म्हणून चाललं.

मला कुणी जाहिरातीला विचारत नाही हा भाग वेगळा. पण लॅबमध्ये आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही म्हणून रडणाऱ्या आमच्या देशी मंडळींना ईडी आपला माणूस वाटायचा.

---

कोथरूड_ते_कॅरी

धाग्यात विचारलंय म्हणून लिहिते. विद्यापीठाचं नाव घेत नाही, मुलगी अजून तिथेच शिकते.

ती लांब पल्ल्याची धावपटू. शिष्यवृत्ती नव्हती, पण संघात होती. सकाळी साडेपाचला सराव, मग वर्ग. हाऊस समझोत्याची बोलणी चालू झाली आणि नवा शब्द कानावर आला, ‘रोस्टर लिमिट’. पूर्वी शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा असायची, संघात कितीही मुलं ठेवा. आता जी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देणार, त्यांच्यासाठी संघातल्या डोक्यांवरच मर्यादा. क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅक अँड फील्डला ४५. कोचने बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी जागा नाही. तो बिचारा स्वतःच रडवेला झाला होता. काही मुलांना न्यायाधीशांच्या आग्रहामुळे मर्यादेबाहेर ठेवायची मुभा मिळाली, पण ठेवलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. तिला नाही ठेवलं.

कुणी पैसे मागितले नव्हते हो. ती स्वतःच्या बुटांचे पैसेसुद्धा घरून न्यायची. वरच्या २ कोटी ५ लाखांच्या चर्चेत अशी मुलं कुठेच दिसत नाहीत, म्हणून लिहिलं. लिंकनवासी म्हणतात तेही खरं आहे, क्लार्कचे सामने आम्ही दोघींनी मिळूनच बघितले होते.

---

लिंकनवासी

ताई, वाचून वाईट वाटलं. ती क्लबकडून धावते का आता?

---

कोथरूड_ते_कॅरी

हो, विद्यापीठाच्या विद्यार्थी क्लबकडून. वर्गणी काढून व्हॅन करतात आणि जातात. मजेत आहे ती, जास्त त्रास मलाच झाला.

---

क्रीडाशिक्षक_सातारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज गरजेपोटी लिहितो. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी अडथळ्यांची शर्यत धावते, राष्ट्रीय पातळीवर चांगली आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कोचची ईमेल आली आहे. घरचे शेतकरी. त्यांना वाटतंय की तिकडे खेळाडूंना आता कोटीत पैसे मिळतात. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटला होता, सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाला होता, एवढंच मला माहीत. नेमकं काय विचारून घ्यावं?

---

पर्ड्यूवाला

सर, तेजस्विनने तिथे २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीत एनसीएएचं अजिंक्यपद मिळवलं, त्यामुळे वाट चांगली आहे. पण घरच्यांना आधी हे सांगा की कोटीतले पैसे फुटबॉल-बास्केटबॉलवाल्यांचे. ट्रॅकमध्ये मुलींसाठी पूर्वी १८ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून वाटायचे. आता नियम सैल झाले तरी पूर्ण शिष्यवृत्ती सगळ्यांना मिळते असं नाही. कोचला सरळ विचारा: फी, राहणं, जेवण आणि आरोग्य विमा यातलं किती भरणार, आणि दुखापत झाली तर पुढच्या वर्षी ते चालू राहणार का? तोंडी नको, लेखी मागा.

आणि इन्स्टाग्रामवर कुणी बुटांची जोडी पाठवून ‘एक पोस्ट टाक’ म्हणालं, तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायचं. संघातल्या बाकी मुली करतात म्हणून तिने करायचं नाही.

---

कोथरूड_ते_कॅरी

सर, अजून दोन गोष्टी. विद्यापीठाने हाऊस समझोत्यात भाग घेतलाय का आणि संघात सध्या किती जणी आहेत, हे विचारा. भाग घेतला असेल आणि ४५ च्या जवळ असतील, तर तिची जागा पक्की आहे का हेही विचारा. आणि तो गट कुठला, सामने कुठे कुठे होतात तेही बघा. लहान गट, बसने जाण्याएवढ्या अंतरावरची कॉलेजं असतील तर अभ्यास सांभाळता येतो.

मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सर. कोचला पाठवायची ईमेल आम्ही मिळून लिहू. माझी मुलगीही मदत करेल, तिला हे सगळं तोंडपाठ आहे.

---

क्रीडाशिक्षक_सातारा

फार उपकार झाले. मुलीच्या वडिलांना घेऊन रविवारी बसतो आणि मग व्यनि करतो. वेळ मात्र तुमच्या सोयीची सांगा, इथे रात्री दहानंतर कधीही चालेल.